डाव्या चपलेतला बारावा गळ

"थुंका! दादा, आधी थुंका! गिळू नका!"

मी इतक्या जोरात ओरडलो की गल्लीतल्या कारखान्याच्या लूम बंद पडल्या. निदान मी तरी आजवर शंभर जणांना असंच सांगत आलोय. खरं म्हणजे त्या लाइट गेल्याशिवाय बंद पडत नाहीत. पण माझ्या घरात जे काही हलत होतं ते मात्र जागच्या जागी थांबलं. बायको खिरीचं पातेलं हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. कानबाईच्या दर्शनाला आलेल्या दोन शेजारणी एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर अशा थबकल्या. आणि माझे थोरले भाऊ, आमचे दादा, पाटावर मांडी घालून, दोन्ही गाल फुगवून, तोंडातला घास तोंडातच धरून माझ्याकडे बघत बसले.

"थुंका म्हणतोय ना! टाचणी आहे त्यात, टाचणी!"

टाचणी नव्हती. माझ्या हिशोबाने त्या घासात मासे पकडायचा गळ होता. पण माणूस भीतीने कितीही थरथरत असला तरी त्याची खोटं बोलायची सवय थरथरत नाही, ती जागेवर घट्ट बसलेली असते.

दादांनी मान हलवली. नाही. थुंकणार नाही.

आता ही मान का हलली ते सांगायला हवं. दादांच्या तोंडात होता तो साधा घास नव्हता, रोट होता. श्रावणात आम्हा खानदेशी माणसांच्या घरी कानबाई बसते. आम्ही पोटामागे सुरतेला आलो, तर तीही आमच्यामागोमाग आली, इथल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत निमूट बसू लागली. तिच्यासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, दळायचे आणि त्या पिठाच्या पुरण भरलेल्या पोळ्या करायच्या. तेच रोट. देवीला दाखवायचे आणि ज्याच्या त्याच्या वाट्याचे आपल्याच भाऊबंदांत खायचे. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, सासरी गेलेल्या लेकीला द्यायचे नाहीत, गाईला नाहीत, कुत्र्याला नाहीत. उरले तर उद्या खा, परवा खा, पण कण टाकायचा नाही. आणि थुंकायचे? देवीच्या समोर? तसा माणूस आमच्या सात पिढ्यांत झाला नव्हता, आणि आठवी पिढी बिघडवायचं काम दादा करणार नव्हते.

पण गिळावा तर टाचणी.

दादा तसेच बसले. किती वेळ म्हणाल तर माझ्या हिशोबाने एक अख्खा पावसाळा. डोळ्यांत पाणी, कपाळावर घाम, गाल दोन्हीकडे फुगलेले. मग त्यांनी मान वळवून कानबाईकडे पाहिलं. नारळाचा तिचा मुखवटा, नाकात नथ, डोक्यावर फुलोरा: दोऱ्यांना बांधून लटकवलेल्या पुऱ्या, सांजोऱ्या, करंज्या. दादांनी हात जोडले, डोळे मिटले.

आणि गिळला.

गळ्याचा मणी वर गेला आणि खाली आला, तो मला अजून दिसतो. वहिनी गेल्यापासून दादा कडोदऱ्याला एकटे राहतात. दात कवळीचे, त्यामुळे ते चावत नाहीत, खिरीत कालवतात आणि उतरवतात. म्हणजे जे काही आत होतं ते सबंधच्या सबंध उतरलं होतं.

"टोचलं," दादा म्हणाले आणि गळ्यावर हात ठेवला.

*

आमच्या घरात बोलणं अहिराणीतच चालतं. इथे मी ते तुमच्या सोयीने थोडी इस्त्री मारून लिहितोय. सुरकुती राहिली तर चालवून घ्या.

तर, गळ. माझं काम लूमवर नव्या बीमचा, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळाचा, एकेक धागा जुन्या धाग्याला जोडायचं. दिवसभर गाठी. इतक्या गाठी मारल्यात की एकापुढे एक ठेवल्या तर सुरत ते धुळं जाऊन परत येतील आणि वाटेत नवापूरला चहाही पितील. अशा माणसाला सुट्टीच्या दिवशी तापीच्या काठावर बसवलं तर तो काय करणार? तो आधीच गळ बांधून नेणार. काठावर बसून, वाऱ्यात, ओल्या हाताने बारीक तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याला, गळ बांधत बसणं हे नवशिक्याचं काम. मी घरीच बांधतो. हातभर तंगूस घ्यायचा, गळाच्या दांडीभोवती सात वेढे, टोक आतून काढायचं, थुंकी लावून ओलं करायचं आणि ओढायचं. दुसऱ्या टोकाला फास. नदीवर गेलं की फास मोठ्या दोरीत अडकवला, झालं. मासा गळ तोडून गेला तर दुसरा तयार.

पण बांधणं सोपं, ठेवणं अवघड. पहिल्यांदा मी वीस-पंचवीस बांधलेले गळ नुसते डबीत टाकून नेले. काठावर डबी उघडली, एक उचलला, तर द्राक्षाचा घड निघावा तसे सगळेच्या सगळे वर आले. त्यातला एक माझ्या अंगठ्यात, एक शर्टात, एक शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या गमछ्यात. तो गुंता सुटेपर्यंत पाण्यातले मासे म्हातारे झाले.

तेव्हापासून मी पद्धत लावली. ती पद्धत बघायला कारखान्यातले लोक सुट्टीच्या वेळात यायचे, खोटं सांगत नाही. जुनी रबरी चप्पल घ्यायची, पट्टे काढून टाकायचे, घासून धुवायची. पुढच्या कडेला ब्लेडने बारा खाचा. एकेका खाचेत एकेक गळ टोकाने रुतवायचा, तंगूस ताणून तळव्याभोवती गुंडाळायचा आणि फास टाचेकडे टाचणीने दाबून टाकायचा. म्हणजे ना गुंता ना वळ्या. डाव्या चपलेत लहान गळ, उजवीत मोठे. फासाला लूमच्या कचऱ्यातला रंगीत धागा: हिरवा रोहूचा, लाल मरळीचा, पिवळा शिंगटीचा. डोळे मिटून हात घातला तरी मला हवा तोच गळ हाती येतो. दोन्ही चपला घारीच्या मिठाईच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, डावी वर, उजवी खाली. घारी कधीच संपली, डब्याला तुपाचा वास मात्र अजून आहे.

आता घोळ असा की श्रावणात आमच्या घरात मासळीचं नावही चालत नाही. त्यात यंदा कानबाई पहिल्यांदा माझ्याकडे, भेस्तानला, बसणार होती, एरवी ती दादांकडे कडोदऱ्याला असते. मला सुरतेला आणलं दादांनी, लूमवर लावलं दादांनी, लग्न लावलं दादांनी. ते पंधरा दिवस आधी आले आणि म्हणाले, "देवी येतेय. तुझ्या त्या वस्तू घरात नकोत. शपथ घे."

मी घेतली. "कारखान्यातल्या दोस्ताकडे देऊन टाकतो डबा," म्हणालो.

दिला नाही. श्रावणात नदीवर जाता येत नाही, म्हणून तर माणूस निवांत बसून गळ बांधतो! हाच तर महिना बेगमीचा. मी डबा स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर, पापडांच्या टोपलीच्या मागे सरकवला. बायको दोनदा त्याच फळीखाली उभी राहून म्हणाली, "गेला ना तो डबा?" मी म्हणालो, "कधीच."

शनिवारी दुपारी बायको बाहेर कुणाशी तरी बोलत होती, तेवढ्यात मला हुक्की आली. आदल्या दिवशी बांधलेले गळ नीट बसलेत का, एकदा बघावं. स्टुलावर चढलो, डबा ओढला. तुपाचा हात असावा, डबा निसटला. झाकण एकीकडे, चपला एकीकडे, काही गळ सुटून जमिनीवर. आणि खाली, फळीच्या बरोबर खाली, परातीत रोटाचं चाळलेलं पीठ होतं. आमच्या तिघांच्या सव्वा-सव्वा मुठी: दादा, मी आणि कामरेजला कंपनीत काम करणारा माझा मुलगा. वर फडकं होतं, पण अर्धंच.

बाहेर बायकोच्या बांगड्या वाजल्या. मी हाताला लागेल ते गोळा केलं, चपलांत कसंबसं खोचलं, डबा वर ढकलला आणि स्टूल खाली ठेवून त्यावर बसलो. बायको आत आली. "इथे काय करताय?"

"पिठाची राखण," मी म्हणालो.

मोजले नाहीत. आयुष्यभर धागे मोजणारा माणूस, पण त्या दिवशी मोजले नाहीत. मोजले रविवारी दुपारी, रोट तयार होऊन कानबाईपुढे गेल्यावर, शेजारच्या बायांची गाणी चालू असताना. डबा मांडीवर घेतला आणि पंचा पसरून मोजले. उजव्या चपलेत बारा. डाव्या चपलेत अकरा.

परत मोजले. अकरा. चौथी खाच रिकामी, टाचेकडची टाचणी नुसती रुतलेली. मरळीचा, लाल धाग्याचा, नखाएवढा गळ. बांधताना उन्हात धरला तर डोळे दिपले होते, इतका चकचकीत.

माझे पाय गार पडले. सुरतेत, श्रावणातल्या उकाड्यात, पाय गार. स्वयंपाकघराची जमीन मी हाताने चाचपली, फळीखालचा कोपरा, गॅसच्या शेगडीच्या मागे, सगळीकडे. झुरळं भेटली, एक हरवलेला चमचा भेटला, गळ नाही. आता कुणी शहाणा माणूस म्हणेल, पीठ मळताना बायकोच्या हाताला टोचला नसता का? हातभर तंगूस दिसला नसता का? शहाण्या माणसाच्या घरात गळ हरवत नाही, म्हणून त्याला असं बोलता येतं. तंगूस मासोळीला दिसू नये म्हणूनच काचेसारखा करतात. ज्या वस्तूला पाण्यातला मासा फसतो, ती पिठात मला दिसणार होती?

सांगावं का? तोंड उघडलं की पहिला प्रश्न: गळ घरात आला कुठून? देवीच्या घरात, श्रावणात, शपथ घेऊन.

मी सांगितलं नाही. मी उपाय केला. जुन्या स्पीकरमधलं चुंबक घरात पडलं होतं, ते पंचात लपवलं आणि देवीपुढच्या रोटांवरून फिरवू लागलो. ताट पितळेचं होतं म्हणून बरं. पण ताटाखाली पाट म्हणून ठेवलेला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा मी विसरलो होतो. चुंबक खटाक्कन त्याला जाऊन बसलं. गाणी थांबली. सगळ्या बाया माझ्याकडे बघू लागल्या.

"काय चाललंय?" बायकोने विचारलं.

"रोट गार झालेत का बघतोय."

"चुंबकाने?"

शेजारणी हसल्या. मी पण हसलो. आतून मी रडत होतो. रोटांतून चुंबकाला काहीही लागलं नव्हतं, आणि त्याने माझी भीती कमी झाली नाही, उलट वाढली. म्हटलं, पुरणात खोल बसलाय.

मग मी देवीसमोर बसून नवस केला. "आई, तो गळ सापडू दे, डावी चप्पल तापीत सोडीन." जरा थांबून म्हटलं, "बरं, दोन्ही सोडीन." डोळे वर केले तर फुलोऱ्यातली सगळ्यात वरची मोठी करंजी पंख्याच्या वाऱ्याने हलकेच फिरत होती. बाकी सगळ्यांचे पिवळे दोरे दिसत होते, हिचा दिसेना. अधांतरी तरंगत होती. मला वाटलं, भीतीने आता नजरही गेली.

चारच्या सुमाराला दादा जेवायला बसले. रोट वाढायला मीच पुढे झालो. दादांच्या वाट्याचे रोट मी आधी हाताने चाचपले, बोटं दाबून, कडेपासून मध्यापर्यंत, डॉक्टर पोट तपासतो तसे. ज्याचा संशय आला तो माझ्या ताटात. असे जाडजूड पाच मी घेतले आणि एकेक कण जिभेवर घोळवत संपवत आणले. प्रत्येक घासाला वाटायचं, हाच. हरभऱ्याच्या डाळीचं टरफल दाताखाली आलं तरी माझे कान वाजायचे.

"आज फार हळू जेवतोस रे," दादा म्हणाले.

"देवीचा प्रसाद आहे, चव घेतोय."

"चव घे, पण जागा तरी हो! तोंड काय प्रेताला आल्यासारखं करून बसलायस?"

आणि तेवढ्यात, मी नजर खाली केली आणि दादांनी हात लांब करून देवीपुढच्या ताटातला एक रोट उचलला. न चाचपलेला. मोडला, खिरीत बुडवला, कालवला, आणि घास तोंडात टाकला.

तेव्हा मी ओरडलो. तुम्ही आलात ते तिथेच.

*

"मन्हा घरमा टाचणी?" बायको दारातून म्हणाली. दादांसमोर ती डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही आणि आवाज वर जाऊ देत नाही, पण तेवढे तीन शब्द तिने लाटण्याने मारल्यासारखे मारले. "मी पीठ तीनदा चाळलंय."

"वाद घालू नकोस, रिक्षा बघ," मी म्हणालो, आणि ती बघायच्या आत मीच धावलो.

रिक्षात दादा ताठ बसले होते. थुंकी गिळत नव्हते, मान हलवत नव्हते, खड्डा आला की दोन्ही हातांनी गळा धरायचे. रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, "काकाको हार्टका है क्या?"

"गलेमें कुछ अटका है. जल्दी ले," मी म्हणालो.

दादांनी बोट वर केलं. बोलायचं होतं, पण हळू. मी कान तोंडाशी नेला.

"टाचणी केवढी होती?" त्यांनी विचारलं.

तिथे माझ्याच्याने राहवलं नाही. मी आजवर पुष्कळ थापा मारल्यात. तापीच्या पुरात मगर परतवलीय, वाघाएवढी मरळ ओढलीय. पण मरणाच्या दारात बसलेल्या भावाला टाचणीचं माप सांगायला जीभ वळेना. मी डोळे मिटले आणि सांगितलं. डबा, चपला, फळी, पीठ, रिकामी खाच.

दादा त्याच हळू आवाजात म्हणाले, "काटा आहे त्याला? उलटा?"

"आहे."

"म्हणजे वर ओढला तर..."

"हो."

दादांनी गळ्यावरचा हात काढून माझ्या मनगटावर ठेवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ज्या हाताने मला पहिल्यांदा लूमचा खटका दाखवला, तो हात. मी बाहेर बघत राहिलो. हायवेवरचे सगळे ट्रक मला आमच्याच अंगावर येताना दिसत होते.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. मी सांगितलं, मासे पकडायचा गळ, रोटात. त्याने "रोटात?" असं दोनदा विचारलं आणि मग विचारणं सोडून दिलं. "एक्सरे निकालो," म्हणाला. दादांना आत नेलं. मी बाहेर बाकावर बसून नवसात दोन्ही चपलांवर तिसरीही घातली: माझ्या पायातली. म्हटलं, आई, अनवाणी चालेन.

फोटो निघाला. डॉक्टरने तो उजेडासमोर धरला आणि भुवया वर गेल्या.

"अरे बाप रे. है तो सही."

मी बघितलं. दादांच्या बरगड्यांवर, डावीकडे, पांढरीशुभ्र, लख्ख, वीतभर लांब पट्टी. टोकाला खाच. आकडा!

मी भिंत धरली. नखाएवढा गळ पोटात जाऊन वीतभर झाला! मी आयुष्यभर वीतभर मासा हातभर करून सांगत आलो, आता देवीने माझ्याच पद्धतीने माझा गळ वाढवून दाखवला. "सर," मी म्हणालो, "मी एवढा मोठा बांधत नाही. आईशप्पथ."

डॉक्टर आत गेला. आतून त्याचा आवाज आला, "काका, बनियन उतारा नहीं?" आणि मग दादांचा: "शर्ट उतारनेको बोला था."

दादांच्या बनियनला आतून खिसा आहे. त्या खिशात ते तीस वर्षं फणीतून धागा ओढायचा चपटा हुक ठेवतात. आता लूमवर जात नाहीत तरी ठेवतात. बनियन काढलं, दुसरा फोटो काढला. स्वच्छ. गळ्यात काही नाही, छातीत काही नाही, पोटात काही नाही. डॉक्टरने टॉर्च घालून घसाही बघितला. वेलदोड्याचं साल रुतलं होतं, ते चिमट्याने काढून त्याने दादांच्या तळहातावर ठेवलं.

दादांनी ते साल बघितलं आणि खाल्लं. रोटातलं होतं ना.

मी हसणार होतो. माझं तोंड हसायला उघडलंही होतं. तेवढ्यात दादा म्हणाले, "मग तो आहे कुठे?"

तोंड तसंच राहिलं. दादांच्या पोटात नाही. माझ्या ताटातले पाच मी कण-कण करून खाल्ले, दादांचे चाचपले, त्यांत नाही. उरले कोणाचे? मुलाच्या वाट्याचे. त्याला आज सुट्टी नव्हती, तो उद्या सकाळी येणार होता. ते रोट बायकोने झाकून ठेवले होते.

मी फोन लावला. "ऐक, त्याच्या रोटांना हात लावू देऊ नकोस कुणाला."

"कुणाला म्हणजे?" बायको म्हणाली. "तो आलाय. साहेबाने लवकर सोडलं. जेवायला बसलाय."

"उठव! उठव त्याला!"

"का? माझ्या रोटांत टाचण्या आहेत म्हणून?" आणि तिने फोन ठेवला.

पुन्हा लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाढत असणार, फोन देवीजवळ पडलेला असणार, आणि तो पंचविशीचा पोरगा सकाळपासूनच्या भुकेने एकेका घासाला अर्धा रोट उतरवत असणार. तो माझ्यावर गेलाय त्या बाबतीत, चावत नाही. रिक्षात बसल्यावर मी पुन्हा पुन्हा लावत राहिलो आणि दादा रिक्षावाल्याच्या खांद्यावर थापा मारत राहिले, "भाई, जल्दी! जल्दी, भाई!" फाटक बंद होतं. गाडी येत होती, मालगाडी. तिचे डबे मी मोजत नव्हतो, पण ती माझ्या आयुष्याएवढी लांब होती. मी तोंडाने "अकरा, अकरा" म्हणत होतो. मला वाटत होतं, एकाला वाचवलं तर देवीने दुसरा मागितला. भावाच्या बदल्यात पोरगा. आणि मी दोन चपलांवर सौदा करत बसलो होतो!

गल्लीच्या तोंडाशीच उतरलो. मी पळालो, दादाही पळाले, कवळी हातात काढून घेऊन पळाले. जिना चढून दारात आलो तर मुलगा पाटावर बसून हात चाटत होता. पुढचं ताट रिकामं. पुसून काढल्यासारखं रिकामं.

"पप्पा, काय झालं? दादा बरे आहेत ना?" असं काहीतरी तो विचारत होता. मला त्याच्या गळ्याचा मणी तेवढा दिसत होता, वर, खाली, वर.

आवाज निघाला दादांचा. उंबऱ्यात उभे राहून, कवळी मुठीत धरून, त्यांनी देवीसमोर, शेजारणींसमोर सगळं एका दमात बाहेर काढलं:

"बाई! तुझ्या नवऱ्याने शपथ मोडली! श्रावणात देवीच्या घरात मासळीचे गळ ठेवलेत, चपलांत खोचून, त्या वरच्या फळीवर! त्यातला एक कमी आहे! रोटात गेलाय! पोराला उभं कर, दवाखान्यात न्यायचंय!"

मुलाने गळ्याला हात लावला. शेजारणी भिंतीला टेकल्या. बायकोने पदर सावरला. तिने दादांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. तिने वर फुलोऱ्याकडे पाहिलं, जिथे ती मोठी करंजी अजून अधांतरी फिरत होती.

"रोटमा नही गया," ती म्हणाली. "वरची करंजी जड होती, दोऱ्यात राहत नव्हती. सकाळी अडकवायला एक गळ मी घेतला, लाल धाग्याचा. बाकीचे होते तसे ठेवलेत. डावी वर, उजवी खाली."